बेंबीच्या मापाचं कोळपं

"ऑनलाइनला तोंड लागत न्हाई, म्हणून तर हिला बसवलं," मिस्त्री माझ्या बाबांना सांगत होते. मी तिथेच, त्यांच्या वेल्डिंगच्या दुकानात, स्टुलावर मोबाइलमध्ये मान घालून बसले होते. इंग्रजी शाळेत शिकूनही माझं तोंड कुठल्याच भाषेत उघडत नाही, हे आमच्या जवळा बाजार गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

मिस्त्री सायकलचं चाक लावलेलं कोळपं बनवत. एकट्या माणसानं ढकलत न्यायचं आणि पिकातलं तण काढायचं. तयार माल ते कधीच ठेवत नसत. गिऱ्हाइकाला चपला काढून दाराच्या चौकटीला टेकवून उभं करत, बेंबीपर्यंत टेप लावत आणि तेवढ्याच उंचीवर दांडा वेल्ड करत. "उंच झाला तर खांद्याला तकलीफ, बुटका झाला तर कंबरेला. शिव्या मात्र मला." सरपंचांनाही त्यांनी एकदा चपला काढायला लावल्या होत्या.

पण तणनाशकं आली आणि बाजारच्या दिवशीही चौकट रिकामी राहू लागली. मुलगा पुण्याला बोलावत होता. या पेरणीपर्यंत धंदा हलला नाही, तर वेल्डिंग मशीन विकून जायचं, असं मिस्त्रींनी त्याला कबूल केलं होतं. "त्याच्या फ्लॅटात ठिणगी उडवायला जागा न्हाई," एवढंच ते म्हणत.

मी फोटो टाकले. प्रत्येक फोटोत मिस्त्री वरचं बटण लावून कोळप्याच्या पुढे उभे, त्यामुळे विकायला नेमकं काय आहे, असं दोघांनी विचारलं. तरी ऑर्डरी आल्या, पार कोल्हापूरहून. मग मिस्त्रींनी प्रत्येकाची बेंबी मागितली.

"विचार ना पोरी. बेंबी काय लपवायची चीज हाय?"

मी लाजत टाइप करायची : कृपया जमिनीपासून बेंबीपर्यंतचे माप कळवावे. काहींनी मला ब्लॉक केलं. एकानं हे शिंप्याचं दुकान आहे का, असं विचारलं. कोल्हापूरच्या बाईंनी आधी नवऱ्याचं माप पाठवलं, मग लिहिलं, चालवणार मीच आहे, माझं घ्या.

पेरणी तोंडावर आली, तेव्हा नाशिकच्या एका दुकानदाराचा फोन आला. त्याला दोनशे कोळपी हवी होती, सगळी एका मापाची. एवढ्या कामात मिस्त्रींचा अख्खा हंगाम निघाला असता.

"दोनशे माणसं एका मापाची? कवायतीला चाललीत का?" असं म्हणून मिस्त्रींनी फोन स्टुलावर ठेवला आणि ते पाठ फिरवून हातोडी शोधू लागले. हातोडी समोरच होती. फोनमधला माणूस हॅलो हॅलो करत होता.

माझ्याकडे एव्हाना ढीगभर बेंब्यांची मापं जमली होती. सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटकी यांच्यात फरक जेमतेम एका वितीचा होता. हे मला कधीच दिसलं होतं. सांगायचं राहिलं होतं.

मी फोन उचलला.

"कोळपी सगळी सारखीच, दांड्याला वितीभरात पाच होल मारून देऊ," मी म्हणाले. "ज्यानं त्यानं आपल्या मापाला बोल्ट लावायचा. कुठल्या होलात, ते मिस्त्री दोनशे जणांना फोन करून सांगतील."