बारा रिकाम्या वाट्या

केशवशास्त्र्यांनी मला फसवले. माझे बारा शाळिग्राम त्यांनी शुद्धीच्या नावाने नेले आणि परत दिले नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे त्यांचे गुण सांगू लागलो तर मला कोणी भोळा समजू नये.

गुण होतेच. कोणी शाळिग्राम दाखवला की शास्त्रीबुवा तो गालाला लावून डोळे मिटत. मग म्हणत, "गार आहे. खरा आहे." लाखेचा असला तर "याला ताप आला आहे" म्हणून परत देत. असे तीन खोटे शाळिग्राम त्यांनी माझ्या घराबाहेर काढले. त्याबद्दल दक्षिणा पुढे केली की हात आधी पसरत आणि मग म्हणत, "आम्ही कोण घेणारे? घेणारा नारायण."

मी तांबट आळीतला. दुसऱ्याच्या भट्टीवर भाता ओढत मोठा झालो, मग स्वतःचे दुकान मांडले. उत्तरेचे गोसावी पुण्यात आले की माझ्याकडे कमंडलू घेत. त्यांच्या झोळीत गंडकीचे काळे गोटे असत. एखाद्याचे तोंड उघडे असले की आत शंखासारखी वळणे दिसत. शास्त्रीबुवा म्हणत, ती वज्रकीटकाने कोरली. मी जन्मभर धातू ठोकला आहे. कोरलेले काय आणि वाढलेले काय, मला कळते. मी म्हणालो, "बुवा, हे कुणाचे तरी घर आहे. जीव वाढला तसे घर वाढले. दगड मागून झाला."

"शेट, आपण हंडे घडवा," ते म्हणाले. "सृष्टी घडवणारा वेगळा आहे."

शाळिग्रामाचे मोल करू नये, हे मलाही ठाऊक होते. म्हणून गोसावी मला शाळिग्राम दान देई आणि मी त्याला कमंडलू दान देई. मात्र कमंडलूला झाकण असावे की नसावे, यावर आधी दुपारभर आमची जुंपलेली असे. सगळी आळी ते ऐके.

त्या बारांसाठी मी तांब्याची पायऱ्यांची मांडणी घडवली. प्रत्येकाला त्याच्या मापाची वाटी. एकादशीला लोक पाहायला येत. निरांजन तिरपे धरले की आतली वळणे चमकत. शेवटच्या वाटीत सुपारीएवढा एक होता. माझी बायको यमुना त्याला धाकटा म्हणे आणि कोमट पाण्याने न्हाऊ घाली. आम्हाला मूल नाही. एवढे सांगितले की पुरे.

एका भाद्रपदात यमुनेला ताप चढला, तो उतरेना. शास्त्रीबुवा आले. तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही, मांडणीकडे पाहिले.

"शेट, आपण देवाची घासाघीस केलीत. त्याचा हा ताप. हे सगळे मला दान करा. मी शुद्ध करून पौर्णिमेला तुम्हाला परत दान देतो. मग दोष नाही."

"परत नक्की ना, बुवा?"

"आम्ही कोण घेणारे?"

सात जणांना बोलावून साक्षी ठेवले. मी शास्त्रीबुवांच्या हातावर दानाचे पाणी सोडले. लोट्याच्या कानासाठी गिऱ्हाइकाशी भांडणारा मी, त्या दिवशी एक शब्द वाढवला नाही. आतून यमुनेचे कण्हणे ऐकू येत होते.

चौथ्या दिवशी वैद्याच्या काढ्याने ताप उतरला. डोळे उघडून तिने पहिले विचारले, "धाकटा कुठे आहे?"

पौर्णिमेला गेलो. बाराही शास्त्रीबुवांच्या देवघरात मांडलेले. म्हणाले, "दान परत मागता, शेट? आपल्यासारख्या व्यवहारी माणसाने?"

चावडीवर गेलो. कारकुनाने विचारले, "दानाला साक्षी किती?" सात. "परत देण्याच्या बोलाला?" एकही नाही. "मग या आता."

तेव्हापासून दर एकादशीला मी शास्त्र्यांच्या घरी दर्शनाला जाऊ लागलो. पुढे बसायचो आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचो, "हा एका कमंडलूला आला. हा दोन लोट्यांना, झाकणाशिवाय." बायका जोडलेले हात खाली घेत. शास्त्रीबुवांचे तोंड बघण्यासारखे होई. हाकलणार कसे? दर्शनाला आलेल्याला कोण हाकलतो! चार वर्षे मी एक एकादशी चुकवली नाही. तापात असतानासुद्धा.

गेल्या श्रावणात ते वारले. मी खांद्याला गेलो नाही. तेराव्यानंतर त्यांच्या चिरंजीवांकडे गेलो आणि म्हणालो, "अकरा ठेवा. धाकटा तेवढा द्या."

"दान वडिलांनी घेतले," ते म्हणाले. "बोलही त्यांनीच दिला असेल. मला काय विचारता?"

यमुना अजून दर एकादशीला चिंचेने बाराही वाट्या घासते. शेवटची जरा जास्त वेळ.

चिरंजीव, वडिलांचे घर घेतलेत, पागोटे घेतलेत, माझे शाळिग्रामही घेतलेत. मग त्यांचा बोल कोणी घ्यायचा? उत्तर मला देऊ नका. माझ्या घरी या आणि त्या बाराव्या वाटीसमोर बसून यमुनेला द्या.