गोठलेली सोयरीक

आम्ही अर्धे. मूळ पुरुष रक्त पिणाऱ्यांतला, मूळ बाई माणसांतली. पुढे अर्ध्यांनी अर्ध्यांशीच लग्नं केली आणि हे अर्धेपण जपलं. मंगरूळपीरला आमच्या गल्लीत कुणाला त्याचं अप्रूप नव्हतं. उन्हात छत्री धरायची, अमावास्येला बकऱ्याचं वाटीभर रक्त प्यायचं, एरवी भाकरी आणि बेसन. ती तांब्याची वाटी घासायची नाही असा दंडक होता. आत काळं पूट धरलं होतं. मोठी माणसं त्याला परंपरा म्हणत. मी अकोल्याला कॉलेजात होतो, म्हणून पूटच म्हणत असे.

पंचाहत्तर-शहात्तरचा उन्हाळा असावा. ताईला शेलूबाजारच्या शाळेत मास्तरणीची नोकरी लागली होती. जूनमध्ये रुजू व्हायचं होतं. त्याआधीच मानोऱ्याकडचं स्थळ आलं. त्या घरातल्या सुना उन्हात जात नसत, छत्री घेऊनही नाही. बाबांना हे मोठं खानदानी वाटलं. वाटी प्यायली की सोयरीक पक्की आणि नोकरी गेली, हे ताईला ठाऊक होतं.

पाहुणे जीपला चहूबाजूंनी ताडपत्री बांधून आले. मुलाच्या वडिलांनी सुळ्यांवर सोन्याची टोपणं चढवली होती. मुलगा शेजारी ठेवलेल्या सामानासारखा बसला होता.

आमच्यातली रीत अशी, की परसात बकरा कापून ताजं रक्त त्याच वाटीतून बैठकीत आणायचं. मुलाचे वडील वंशावळ सांगतात, तोवर मुलीने ते बोटांनी ढवळत राहायचं, म्हणजे पातळ राहतं. ढवळताना तंतू बोटांना गुंडाळतात. ते ती वाटीखालच्या ताटलीच्या काठाला पुसते. पाहुणे ते बघत बघत केळी खातात. वंशावळ संपली की मुलीने वाटी रिकामी करायची.

"आमचं अर्धं म्हंजे बरोब्बर अर्धं," होऊ घातलेले व्याही सांगत होते. "पावशेर इकडं नाई, पावशेर तिकडं नाई."

बाबा दर पिढीला मान हलवत होते. वाटीवर माशा जमल्या. मी ताईच्या शेजारी बसलो होतो. तिच्या बांगड्या वाजत होत्या, मनगट गोल फिरत होतं आणि बोटं रक्ताच्या वर, हवेत फिरत होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी केळं सोलायला घेतलं.

व्याही खापरपणजोबांपाशी बराच वेळ रेंगाळले. ते गृहस्थ एका बैठकीत तीन बकरे प्यायले होते, हे दोनदा ऐकवलं. अखेर ते स्वतःपर्यंत येऊन थांबले.

"घे, पोरी."

ताईने वाटी तोंडाशी नेऊन आडवी केली. काही आलं नाही. आतलं सगळं खरवसासारखं थरथरलं आणि पुन्हा स्थिर झालं.

"काय करून ठेवलं व हे?" बाबा ओरडले.

"म्या काय केलं, बाबा? काकाजीचे पूर्वज संपूनच नाई राह्यले. रगत कोनासाठी थांबते?"

व्याही उठायला लागले, पण उठता येईना. बैठकीतलं रक्त टाकायचं नाही आणि ते संपेपर्यंत कुणी उठायचं नाही, ही रीत त्यांनीच आल्या आल्या आम्हाला पुन्हा समजावली होती.

"आना इकडं," आई दारातून म्हणाली. तिने त्या गोळ्याच्या वड्या पाडल्या, कांदा-मिरची घालून परतल्या आणि प्रत्येकाला वाढल्या. रक्त प्यावं, ते चावून खाणं माणसांचं काम, असं मानणारी ती सगळी खानदानी मंडळी खाली मान घालून चावू लागली. बैठकभर जळक्या लोखंडासारखा वास पसरला. व्याह्यांच्या टोपणांत वडी अडकली. त्यांनी ती बोटाने उकरली, टोपणं काढून ताटाच्या कडेला ठेवली. सुळे खाली पिवळे आणि झिजलेले होते.

"रगत चावनाऱ्या घरची पोरगी आमाले नाई पायजे," तोंड पुसत ते म्हणाले.

"तुमी बी आत्ता चावलंच ना, काकाजी," ताई म्हणाली.

जीपची ताडपत्री बांधायला त्यांना फार वेळ लागला. बाबा तोवर ओट्यावर भिंतीकडे तोंड करून उभे होते.

जूनमध्ये ताई छत्री घेऊन निघाली. डब्यात बेसन-भाकरी होती. बाबा बाहेर आले नाहीत. मी स्टँडपर्यंत सोबत गेलो. बसमध्ये तिने उन्हाच्या बाजूची खिडकी धरली.

खरवस मला आजही खाववत नाही.