खांद्याला बसणारी बंदूक

“...तर बंदूक खांद्याला बघून घ्यावी, जनावराला न्हाई, असं आमचा आबा म्हणायचा. आन् मी तेच खरं धरून बसलो. चाळीस वर्सं दुकान चालीवलेल्या मानसाचं सोडलं आन् आबाचं धरलं. आता बोंबलून काय हुतंय, बापू?”

“अक्का, आबा काय खोटं बोलत नव्हते.”

“खोटं कुठं म्हंतो मी? चंदगडच्या रानात खरंच हाय ते. पर हे चंदगड हाय व्हय?”

लीलाक्कानं खिडकीकडं हनुवटी उडवली. बाहेर मार्च महिना होता आणि तरी गुडघाभर बर्फ. होक्काइदोतलं ओबिहिरो गाव, १९९७ साल. ती बसली होती ती जागा म्हणजे इनागाकी-सान यांचं बंदुकीचं दुकान. हातात तेलाची चिंधी, पुढ्यात कुणाची तरी दुरुस्तीला आलेली छऱ्याची बंदूक. कोल्हापूरकडची बाई ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलते. पुण्याचे लोक हसतात. हसू देत. अक्का जपानात सहा वर्षं राहिली तरी तिनं ते सोडलं नाही.

मी गडहिंग्लजचा, म्हणजे तिच्या मुलखातलाच. तिचा नवरा शशिकांत इथल्या शेतकी विद्यापीठात गाईंच्या रोगांवर काम करायचा आणि मी त्याच गोठ्यात रक्ताच्या बाटल्या वाहायचो. अक्का सुरुवातीची दोन वर्षं खोलीत बसून वैतागली. मग तिनं अर्ध्या दिवसाचं काम शोधलं. बाकीच्या बायका कारखान्यात डबे भरायला गेल्या, ही बंदुकीच्या दुकानात झाडू मारायला गेली. एक दिवस झाडता झाडता म्हणाली, या दस्त्याला चीर आहे, हा दगा देणार. चीर डोळ्याला दिसत नव्हती, तिच्या अंगठ्याला लागली होती. इनागाकी-सान यांनी त्या दिवशी झाडू काढून घेतला आणि पोलिसांत तीन खेपा घालून तिचं नाव दुकानात नोंदवलं. पोलीस शेजाऱ्यांना विचारून गेले की ही बाई भांडते का, दारू पिते का. शेजारीण म्हणाली, भांडते, पण फक्त नवऱ्याशी.

अक्काच्या बापाकडं, म्हणजे आबाकडं, पीक राखायच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती. रानडुकरं भातात घुसायची. दारू ठासायला, नळी धुवायला लहानपणी हीच बसायची. आबाच्या त्या बोलण्यामागंही एक गोष्ट होती. अक्काच्या चुलत्यानं एकदा पाव्हण्याची जड दुनळी आणली. दणका बसणार म्हणून चाप ओढतानाच डोळे मिटले. डुक्कर गेलं पळून आणि घरची म्हैस जन्माची लंगडी झाली. तेव्हापासून आबाचं ठरलं. ज्या बंदुकीला माणूस भितो ती बंदूक कामाची नाही.

इनागाकी-सान यांचं उलटं होतं. सत्तरीचा वाळका म्हातारा, बोलणं मोजकं. भिंतीवर त्यांनी स्वतः काढलेला एक तक्ता होता. एका बाजूला जनावरं, दुसऱ्या बाजूला बंदुका. दर ऑक्टोबरात, हंगामाच्या आधी, नव्या शिकाऱ्यांना तक्त्यासमोर बसवून ते तासभर सांगायचे. लिव्हरच्या रायफली त्यांच्या खास आवडीच्या. चापाखालची लोखंडी कडी खाली ओढून वर घेतली की पुढचं काडतूस नळीत. आखूड आणि चपटी, त्यामुळं बांबूच्या झुडपात अडकत नाही. काडतुसं पोटातल्या नळकांड्यात एकामागं एक झोपतात, म्हणून गोळीचं टोक चपटंच हवं. टोकदार घातली तर ती पुढच्या काडतुसाच्या बुडावर टेकते आणि धक्क्यानं पोटातच बार उडायचा. हे सांगताना म्हातारा स्वतःच्या पोटावर हात फिरवायचा आणि पोरं हसायची.

मग निवड. ‘थर्टी-थर्टी’ ती हरणाची. दणका बेताचा, शंभर-सव्वाशे पावलांवर हरीण जागेला बसतं. आखूड ‘फोर्टी-फोर’ ती दक्षिणेकडच्या लोकांची, कुत्र्यांनी झुडपात कोंडलेलं डुक्कर दहा-वीस पावलांवर मारायची. आणि ‘फोर्टी-फाइव्ह-सेव्हंटी’, अंगठ्याएवढी गोळी, ती अस्वलाची. ती उडवणाऱ्याचा खांदा आठवडाभर निळा. पण म्हातारा गिऱ्हाइकाला कधीच विचारायचा नाही की तुम्ही मारणार काय. विचारायचा, “तुम्ही ज्या रानात चालणार, तिथं सगळ्यात मोठं कोण राहतं?” बंदूक त्याची घ्यायची. तुम्ही कुणाला शोधताय त्याची नाही, तुम्हाला कोण शोधील त्याची.

“हे मला पाठ हुतं,” अक्का म्हणाली. “झोपेत इचारलं तरी सांगितलं असतं.”

आदल्या वर्षी ऑगस्टात म्हाताऱ्याचं पित्ताशय काढलं. तीन आठवडे दवाखान्यात. दुकान अक्काकडं आणि दुकानाचा शिक्काही तिच्याकडं. त्याच आठवड्यात सुगावारा-सान आले. डोंगराच्या पायथ्याला दूध आणि शुगरबीटची शेती करणारा माणूस. बावन्न वर्षांचा, चणीनं बारका, खांदे पाखरासारखे. त्या साली हरणांनी बीट नुसतं ओरबाडून नेलं होतं. इथं दहा वर्षं छऱ्याची बंदूक बिनचूक सांभाळली तरच रायफल मिळते. त्यांची दहा वर्षं जुलैत पुरी झाली होती. लग्नाला आलेल्या पोरासारखे दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून आले होते.

अक्कानं तिन्ही रायफली टेबलावर मांडल्या आणि म्हाताऱ्याचा प्रश्नही विचारला.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, अस्वल. वरच्या अंगाला हाय म्हणाले. पर मी त्याच्या वाटंला जात न्हाई, मला हरीणच पायजे. मग त्यांनी जड रायफल उचलली आन् खांदा असा आत घेतला बघ, मार खानाऱ्या पोरानं घ्यावा तसा. मला आमचा चुलता दिसला. म्हशीसकट.” अक्का हसली आणि लगेच थांबली. “मग थर्टी-थर्टी दिली हातात. अशी बसली बापू खांद्याला, जनू मापानं शिवलेली. मानसाचं तोंड उजळलं. मी म्हटलं, हीच घ्या. आन् आबाचं बोलनं त्यांना जपानीत सांगितलं. ते म्हणाले, तुमचे वडील शहाणे होते. मला लई गोड वाटलं. परमुलखात आपल्या बाला कुणी शहाना म्हटलं की मानसाची अक्कल जाती.”

शिक्का तिनंच मारला. इथली रीत अशी की ठरावीक एका बंदुकीचाच कागद पोलिसांत जातो, परवाना त्याच बंदुकीचा मिळतो. त्याला महिना-दीड महिना लागतो. तोवर बंदूक दुकानातच. म्हणजे ठरलेलं फिरवून दुसरी बंदूक द्यायची झाली तर वेळ होता.

म्हातारा काठी टेकत परत आला तेव्हा कागद पोलिसांतच होता. त्यानं वही चाळली.

“थर्टी-थर्टी गेली. कुणाला?”

“सुगावारा-सान यांना.”

“ते चालतात कुठं?”

सांगता सांगता अक्कानं चिंधी टेबलावर ठेवली. एवढं बोलताना तिनं हात रिकामे ठेवले.

“मी म्हटलं, बीटाच्या शेतात.”

मी तिच्याकडं बघितलं.

“खोटं न्हाई की ते. बीटाचं शेत हायच. पर शेताच्या वर रान हाय, रानात अस्वल हाय, ते मी गिळलं. का, तर म्हातारा म्हणाला असता फिरवा. आन् सुगावारांपुढं माझं तोंड खाली. माझा आबा खाली. एवढ्यासाठी.”

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुगावारांनी रानाच्या कडेला संध्याकाळी हरीण पाडलं. अंधार पडला, हरीण जड, म्हणून ते तिथंच ठेवून घरी आले. सकाळी शेजाऱ्याला घेऊन गेले. रात्रीतून अस्वलानं त्या हरणावर माती-पाचोळा ओढून ढीग केला होता. अस्वलानं पुरलं म्हणजे ते त्याचं झालं, आणि धनी जवळच असतो. सुगावारांना ढीग कळायच्या आत ते झुडपातून आलं. त्यांनी डोळे मिटले नाहीत. दोन गोळ्या घातल्या, दोन्ही लागल्या. अस्वल थांबलं नाही. शेजाऱ्यानं तिसरी जवळून घातली तेव्हा पडलं. तोवर सुगावारांचा उजवा खांदा जबड्यात जाऊन आला होता. माणूस वाचला. हात नुसता लोंबायला राहिला.

म्हातारा दवाखान्यात गेला, सुगावारांच्या बायकोपुढं कमरेत वाकला आणि म्हणाला, माझ्या दुकानानं चुकीची बंदूक दिली. शिकाऱ्यांच्या संघालाही तेच कळवलं. त्यानं अक्काला काही विचारलं नाही. संध्याकाळी येऊन भिंतीवरचा तक्ता उतरवला, गुंडाळी करून कपाटामागं ठेवला. पुढच्या हंगामापासून ऑक्टोबरचं ते सांगणं दुसऱ्या कुणीतरी करावं, असं संघाला लिहून दिलं. भिंतीवर आता दोन खिळे होते आणि मध्ये फिकट चौकोन.

“चार महिनं झालं,” अक्का म्हणाली. “त्यांचं नाव गेलं आन् मी इथं चहा देतोय. सांगायचं सांगायचं म्हंतो आन् जीभ उचलत न्हाई. आज सुगावारा येनार हायत, रायफल परत द्यायला. हात गेला म्हणजे परवाना गेला. आज दोघं समोरासमोर असतील. आज न्हाई बोललो तर मग कवाच न्हाई.”

दाराची घंटी वाजली.

सुगावारांना बायकोनं गाडीतून आणलं होतं. उजवी बाही कोटाच्या खिशात खोचलेली. बायकोच्या हातात बंदुकीची पिशवी आणि कागदात नेटकी गुंडाळलेली मिठाईची पेटी. इनागाकी-सान आतून आले. कुणी काही बोलायच्या आधी सुगावाराच वाकले.

“माझ्यामुळं तुमच्या दुकानाला त्रास झाला. माफ करा.”

आणि पेटी डाव्या हातानं पुढं केली. अस्वलानं फाडलेला माणूस बंदूकवाल्याची माफी मागायला आला होता, मिठाई घेऊन. अक्काचा चेहरा बघवेना.

“थांबा,” ती म्हणाली. जपानीत बोलताना तिचा आवाज बारीक व्हायचा, आज झाला नाही. “बंदूक मी निवडली. इनागाकी-सान यांचा नियम मला माहीत होता. तुम्ही अस्वल म्हणालात ते मी ऐकलं होतं. आणि यांनी विचारलं तेव्हा मी यांना शेत सांगितलं. रान सांगितलं नाही. चूक माझी आहे. संघालाही मी तसं सांगेन.”

बायकोनं खाली मान घातली. सुगावारांनी पिशवीकडं बघितलं. मग त्यांचा डावा हात वर गेला आणि उजव्या खांद्यावर, जिथं दस्ता टेकतो तिथं, थांबला.

“चांगली बसायची ती खांद्याला,” ते म्हणाले.

त्यात ना राग होता ना माफी. ती रायफल खरंच चांगली बसायची, एवढंच. मग म्हणाले, “हरणाच्या माणसाला द्या ती. खालच्या गावातल्या.”

सह्या झाल्या. सुगावारांना डाव्या हातानं सही जमेना, बायकोनं त्यांच्या नावाचा शिक्का मारला. दोघं गेली. गाडी बर्फातून वळेपर्यंत इनागाकी-सान दारात वाकून उभे होते. दार लावून आत आले.

“शेत म्हणालात तुम्ही,” ते म्हणाले. “मला शब्द आठवतो.”

“हो.”

“तेव्हा कागद पोलिसांत होता.”

“हो.”

“जड बंदूक असती तर काय झालं असतं, मला ठाऊक नाही. पण मला विचारायला हवं होतं.”

अक्का उभीच. “मी संघात उद्या जातो,” असं ती मराठीतच बोलून गेली, मग जपानीत सांगितलं.

“नको. शिक्का दुकानाचा आहे. दुकान माझं आहे.” म्हातारा कपाटाकडं वळला, तक्त्याची गुंडाळी जरा आत ढकलली, बाहेर काढली नाही. “तुम्ही सांगून मोकळ्या व्हाल. माझ्या बाजूनं काही बदलत नाही.”

बाई रडली असती तर बरं, असं मला वाटलं. ती रडली नाही. पिशवीकडं गेली आणि चेन उघडायला लागली.

“अजून नको,” म्हातारा आतल्या खोलीतून म्हणाला. “थंडीतून आलीय. घाम येईल तिला.”

गार लोखंड उबेत आणलं की त्यावर दव धरतं, मग गंज. अक्काला हे म्हाताऱ्याआधी आबानं सांगितलं होतं. तिनं चेन तशीच सोडली, रायफल पिशवीतच टेबलावर आडवी ठेवली आणि घड्याळ बघितलं.

“अर्धा तास,” ती मला म्हणाली. “तू जा बापू, तुझ्या गाई वाट बघत असतील. शश्याला सांग, भाकरी झाकून ठेवल्यात, परत भात टाकू नको.”

आणि तिनं मघाची छऱ्याची बंदूक पुढ्यात ओढली, चिंधीवर दोन थेंब तेल घेतलं आणि दस्त्यावरनं अंगठा फिरवत चीर शोधायला लागली.