बाराची गिरणी

आमच्या पेठेतला म्हातारा गिरणीवाला ख्रिस्ती होता. गिरणी बंद असली तरी तो ओरडूनच बोलायचा. दुपारी बाराला मशीन थांबवून दहा मिनिटं डोळे मिटून बसायचा. बायका करवादायच्या, “मामा, आधीच लोडशेडिंग, त्यात तुमचं हे! देवाकडं मागता तरी काय एवढं?”

“मागत न्हाई, ऐकतोय की!”

आई गेल्यावर तिचा गव्हाचा डबा घेऊन मी पहिल्यांदाच गेलो, तेव्हा नेमके बारा वाजलेले. त्यानं मला शेजारी पोत्यावर बसवलं. त्या शांततेत मला रडू फुटलं.

नंतर मी विचारलं, “काय म्हणतो देव?”

“‘लेकरा’ म्हणतो. बायको गेली तवापास्नं रोज. साठीच्या मला!” तो पहिल्यांदाच हळू बोलला, हसला. मग मशीन सुरू करून ओरडला, “तुझ्या आईला बारीक लागायचं. तसंच दळू न्हवं, लेकरा?”