भोईटेच्या गालावरचा कोळी

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमची कंपनी दक्षिणेतल्या एका छावणीत होती. मी हवालदार, सेक्शन कमांडर. पलटण सगळी मराठी, मी मात्र तमिळ मुलखातल्या कुंभकोणमचा, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेल्या मराठी घरातला. आमच्या घरी जे मराठी बोलतात ते साताऱ्याच्या पोरांना कीर्तनातलं वाटायचं. सगळे मला नुसतं राव म्हणायचे.

नाईक दशरथ भोईटे माझा टू-आय-सी, म्हणजे सेक्शनमधला माझ्याखालचा दुसरा. अंगाने बारीक, कामाला वाघ. फॉरवर्ड पोस्टवर दोन हिवाळे काढलेले. त्याला एकाच गोष्टीची भीती वाटायची, कोळ्याची. त्यातही उडी मारणाऱ्या छोट्या कोळ्याची. तो जाळं विणत नाही. भिंतीवर बसतो, मान वळवून तुमच्याकडे बघतो आणि माशीवर झेप घेतो. मला तो लहानपणापासून आवडायचा. भोईटे म्हणायचा, "राव, साप बरा. तो आपल्याकडे असा बघत बसत नाही."

बूट घालण्याआधी तो दोनदा झटकायचा. पोरं हसायची. एकदा मीही त्याच्या मेस टिनमध्ये एक कोळी सोडला. तो ओरडला नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला, आणि दोन दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. मी माफी मागितली. "जाऊ द्या," एवढंच म्हणाला.

कार्तिकात माझ्या गावाकडच्या डेल्टामध्ये पाऊस थांबेना. एका पहाटे ऑर्डर आली, फ्लड रिलीफ. सव्वासहाला कॉलम निघाला, साडेदहाला माझ्याच गावात पोचला. आमचं घर तिथल्या कॅम्पपासून दहा मिनिटांवर होतं. मी गेलो नाही. वेळ नव्हता.

पहिले दोन दिवस पापनाशमकडच्या वाड्यावस्त्यांतून माणसं काढली. झोप नव्हती, कपडे वाळत नव्हते. तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला वायरलेस सेटवर आमचे कंपनी कमांडर मेजरसाहेब आले. सेटवर आमच्या तुकडीचं नाव टू.

"टू, सुंदरपेरुमाळ कोयिल गावाच्या पुढे कालव्याचा बांध फुटलाय. शेतातल्या घरावर माणसं अडकलीत. दोन्ही बोटी घेऊन जा. ओव्हर."

"रॉजर. किती माणसं? ओव्हर."

"माहीत नाही. आऊट."

घर मातीच्या भिंतींचं, वर नारळाच्या झापांचं छप्पर. पाणी वळचणीला टेकलेलं. छपरावर आठ माणसं होती. पुराच्या पाण्याने शेतातले सगळे किडे वर चढले होते. मुंग्या, गोमा, आणि कोळी. शेकडो. झापांवर, माणसांच्या खांद्यांवर, सगळीकडे तेच छोटे उडे कोळी. लोकांनी झटकणं सोडून दिलं होतं. एका बाईच्या केसांत चार-पाच होते, तिला त्याचं भानही नव्हतं.

आमच्या बोटीत कांबळे इंजिनवर होता, भोईटे पुढे उभा होता. त्याने छपराकडे पाहिलं आणि बाह्या मनगटापर्यंत खाली ओढल्या.

दुसऱ्या बोटीत आमचे प्लाटून कमांडर लेफ्टनंटसाहेब होते. सात जणांना त्यांच्या बोटीत घेतलं. आठवी एक म्हातारी. ती उतरेना. मी तमिळमध्ये विचारलं. मी भोईटेशी मराठीत बोललेलं तिने ऐकलं होतं, ती मराठीतच बोलली. आमच्या घरातलं मराठी.

"यजमान आंत माळ्यावर आहेत. पाय चालत नाहींत. त्यांस सोडून मी कशी येऊं?"

दारातून जाता येत नव्हतं. छपराला भोक पाडूनच आत उतरायचं होतं. मी कोयत्याने झापं कापली. वाशांमधून माझे खांदे जाईनात. भोईटेचे गेले असते. लाईफ जॅकेट काढलं तरच.

मी म्हणालो, "कांबळेला पाठवतो."

"कांबळे इंजिनवर आहे." त्याने जॅकेटच्या गाठी सोडल्या. मी त्याला थांबवलं नाही. हे पुढच्या चौकशीतल्या माझ्या जबानीत आहे.

म्हातारी त्याच्याकडे बघत होती. तो कोळ्यांवरची नजर न काढता कॉलरचं बटण लावत होता. ती म्हणाली, "हे कांहीं करीत नाहींत, बाळा. माश्या खातात."

"ठाऊक आहे, आजी," भोईटे म्हणाला. "पण ठाऊक असून उपयोग होत नाही."

तो आत उतरला.

खाली अंधार होता. आतून त्याचा आवाज आला, "सापडले. हलके आहेत. देतो." आधी म्हाताऱ्याचं डोकं वर आलं, मग खांदे. मी काखेत हात घालून ओढू लागलो. भोईटे खालून कंबर धरून ढकलत होता. त्याचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. कोळी त्याच्या मानेवर होते, कपाळावर होते. एक गालावर, डोळ्याखाली. त्याने डोळे मिटले नाहीत.

"राव, लवकर ओढा."

म्हातारा बाहेर आला. मी त्याला बोटीत कांबळेकडे दिला, मागोमाग म्हातारीला उतरवलं, वळलो, हात खाली घातला. भोईटेची बोटं माझ्या हाताला लागली. तेवढ्यात मागची भिंत बसली. आढं खाली गेलं, छप्पर कलंडलं आणि मी पाण्यात पडलो. जॅकेटमुळे वर आलो. वेळ तीन चाळीस.

अंधार पडेपर्यंत शोधलं. तो दुसऱ्या दिवशी सकाळी कालव्याच्या झडपेपाशी सापडला.

तीन आठवड्यांनी कोर्ट ऑफ इन्क्वायरी, लष्करी चौकशी झाली. लेफ्टनंटसाहेबांनी खरं तेच सांगितलं. नाईक कोळ्यांना घाबरायचा, हे साऱ्या प्लाटूनला माहीत होतं. घर पडायच्या आधी छपराच्या भोकात त्याचं डोकं झटक्याने हललेलं त्यांनी लांबून पाहिलं होतं. मग चौकशीच्या अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "भीतीने त्याचा तोल गेला का? त्या धडपडीत भिंत पडली का?"

मी उभा राहिलो. म्हणालो, "साहेब, मी हातभर अंतरावर होतो. त्याच्या गालावर कोळी होता. त्याचे दोन्ही हात म्हाताऱ्याच्या कमरेला होते. त्याने एक हात सोडला असता तर म्हातारा परत आत पडला असता. त्याने सोडला नाही. म्हातारा निघाल्यावरच त्याने हात वर माझ्याकडे केला. भिंत पाण्याने पडली."

लिहून घेतलं. निष्कर्षही तसाच आला. जॅकेटबद्दल मला ताकीद मिळाली. ती बरोबर होती.

पुढच्या रजेत मी त्याच्या गावी गेलो. त्याच्या बायकोने चहा दिला. रिकामा कप उचलताना तिने विचारलं, "घाबरले होते का?"

खोटं बोलण्याची ताकद माझ्यात उरली नव्हती. "हो," मी म्हणालो. "खूप घाबरला होता. तरी गेला."

ती म्हणाली, "घरात कोळी दिसला की मला हाक मारायचे. मी ओंजळीत धरून बाहेर सोडायची. मला वाटायचं, माझी मस्करी करतात."

म्हातारा पुढे चार वर्षं जगला. नव्वदच्या दशकात मी पेन्शन घेऊन कुंभकोणमला परतलो, तेव्हा तो नव्हता, म्हातारी होती. तिला भोईटेचं नाव माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं, मग नातवाला हाक मारून त्यालाही म्हणायला लावलं.

दशरथ भोईटे. नाईक. वय एकतीस.