पाण्यात टाकलेला दगड

दर हिवाळ्यात आम्ही विश्रामबागेतले चारपाच जण आडबाजूच्या एका पाणथळीवर तंबू ठोकायला जातो. तिथला रखवालदार आमच्यापुढे अनवाणी चालायचा. कुणाचा आवाज चढला की वळून म्हणायचा, "हळू बोला. लय लांबनं आल्यात पाखरं, दमल्यात."

यंदा वनखात्याच्या साहेबांनी आणलेल्या एका बड्या पाहुण्याला उडत्या चक्रवाकांचा फोटो हवा होता. रखवालदारानं मुकाट्यानं दगड उचलला आणि पाण्यात फेकला. अख्खा थवा ओरडत उठला.

"अहो, तुम्ही उडवलीत?" मी विचारलं.

"गेल्या साली न्हाई म्हणालो, तर सायबांनी दोन म्हैने घरी बसवलं," तो खाली बघत म्हणाला.

मला त्याचा राग आला. पण थवा उठला तेव्हा माझाही कॅमेरा डोळ्याला होता. फोटो सुरेख आला. मी तो दिवाणखान्यात लावलाय.