विमानातलं ग्रहण

बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, निपाणीला निघाली होती. सातवा लागायच्या आत पोचवायचं म्हणून मीही मस्कतहून सोबत निघालो. मी आठवीत शाळा सोडलेला, खानापूरकडचा, एसी बसवणारा माणूस. बायकोला तिकडं आणू दिलं ते मालकानं, आणि ही तिकिटंही त्यानंच काढली. त्याचे उपकार फिटायचे नाहीत.

निघायच्या आदल्या दिवशी सोबतच्या एकानं मोबाइलवर दाखवलं, उंचावर विमानात आभाळातली किरणं जास्त लागतात. पुढचं मला कळलं नाही. किरणं आणि पोटुशी बाई म्हटलं की आम्हाला एकच ठाऊक, ग्रहण. वेध पाळतात तसं घर सोडल्यापासूनच मी तिचं खाणंपिणं बंद केलं. विमानात खिडकीची झडप ओढली, पोटावर शाल गुंडाळली.

"अवो, घोटभर पाणी तरी."

"बाळापेक्षा तहान मोठी व्हय गं?"

जेवण आलं, मी तिचा ट्रे परत दिला.

उतरायच्या आधी हवाई सुंदरी झडप उघडा म्हणाली. मी आवाज चढवला. माझं बोलणं ऐकून ती मराठीतच आली, "अण्णा, मी अनगोळची, तुमच्याच भागातली. काय झालंय सांगा की." मी तोंड उघडतोय तोवर बायकोची मान माझ्या खांद्यावर कलंडली.

हवाई सुंदरीनं धावत गोड ज्यूस आणला, तोंडाला लावला. "सकाळपासनं काय खाल्लंय हिनं?"

मी सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"ती किरणं विमानाच्या पत्र्यातनंबी येतात, अण्णा. झडपेनं काय अडतंय? पण एका प्रवासात लई थोडी. आमचं रोजचंच, म्हणून दिवस गेले की आम्हाला खाली जमिनीवरचं काम देतात. उपाशी न्हाय ठेवत कुणी."

बायको दोन्ही हातांनी पेला धरून पीत होती. आजूबाजूचे बघत होते. मी आपला पायातल्या बुटांकडं बघत राहिलो.

गोव्याला सासूबाई गाडी घेऊन आल्या होत्या. लेकीच्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, "तोंड उतरलंय गं. खाल्लंस का न्हाय वाटेत?"

"व्हय की," बायको म्हणाली, "ह्यांनी बसून खायला लावलं."

सासूबाई माझ्याकडं बघून कौतुकानं हसल्या. मी बॅगा उचलायचं निमित्त करून गाडीच्या मागं गेलो.